माझं दार सरळ होतं

माझं दार सरळ होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे डोळा येतो, ऑपरेशन येतं, आणि ऑपरेशन आलं की ऐकणाऱ्याचं मन पाघळतं आणि दार राहतं बाजूला. आमच्या घरात नेमकं तेच झालं. म्हणून आधी दार.

ते कोपऱ्यावरच्या बेकरीचं दार. वरच्या अर्ध्यात काच, खाली जाड फळ्या, पितळी कडी. लाकूड मी निवडलं, कापलं मी, सांधे मी केले, रंधा मी मारला. माझे वडील सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मीसुद्धा सुतार, पण मला सगळे मिस्त्रींची पोरगी म्हणतात. चाळिशी दारात येऊन उभी आहे, तरी पोरगीच. याचं मला फारसं वाईट वाटायचं नाही, कारण बाबांच्या हाताखाली शिकायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी सरळ म्हटलं की वस्तू सरळ आणि वाकडी म्हटलं की वाकडी. त्यावर अपील नाही.

बघायची त्यांची एक रीत होती. दार दोन स्टुलांवर आडवं ठेवायचं, कडेच्या एका टोकाला हनुवटी टेकवायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत नजर लावायची. पट्टीबिट्टी आमच्यासारख्यांना. त्यांचा तो उजवा डोळा हीच आमच्या वर्कशॉपची पाटी. लोक लांबून यायचे ते त्या डोळ्यासाठी.

त्या दिवशी बेकरीसमोर पावासाठी ही रांग. मी बिजागऱ्या काढून तयार, स्क्रू खिशात. बाबांनी हनुवटी टेकवली, डावा मिटला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“वाकडं आहे,” ते म्हणाले.

“कुठे?”

“कडीच्या खाली. आत दबलंय. दिसत नाही तुला?”

मी बघितलं. कड सुतासारखी सरळ. मी तसं म्हटलंही. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काल पहिल्यांदा हातोडी धरली. मग मी अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी आणली आणि कडेवर धरली. पट्टी आणि लाकूड यांच्या मधून केस जाईल तर शपथ. बाबांनी पट्टीवरून नजर लावली आणि म्हणाले, “पट्टी पण वाकडी आहे.”

मधे दबलेलं दिसतं, तर सुतार काय करतो? वरचं आणि खालचं टोक तासून मधल्याच्या रांगेत आणतो. बाबांनी रंधा घेतला. दोन हात वर मारले, दोन हात खाली, परत नजर लावली. अजून दबलेलंच. परत रंधा. परत नजर. मी बाजूला उभी, आणि माझ्या दाराचे पापुद्रे वळून वळून माझ्याच बुटांवर पडतायत. रांगेतले लोक मान वाकडी करून बघतायत. शेवटी घामाघूम होऊन ते म्हणाले, “लाकूडच नीट निवडलं नाहीस तू. यापेक्षा सरळ व्हायचं नाही हे.” आणि सगळ्यांसमोर, बेकरीवालीकडे वळून, “पोरीचं काम आहे, सांभाळून घ्या.”

मी तेव्हा गप्प बसले. बाबांना उलट बोलायची आमच्या घरी पद्धत नाही असं नाही, मी रोज बोलते. पण रांगेसमोर नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी मुकाट्याने बिजागऱ्या बसवत होते.

आता ते दार मधे पोट काढून उभं होतं. वर फट, खाली फट. वारा आला की शिट्टी वाजायची आणि रस्त्यावरची धूळ थेट पावांवर. बेकरीवाली ही बाई पीठ मळते कमी आणि बोलते जास्त. सकाळी तिच्याकडे आख्खा परिसर येतो. पाव घेणाऱ्या प्रत्येकाला तिने पावासोबत ही बातमी दिली: मिस्त्रींच्या पोरीने दार इतकं बिघडवून ठेवलं होतं, की खुद्द मिस्त्रींनी हात लावूनही ते सुधारलं नाही.

त्यानंतर जो येईल तो विचारायला लागला, “मिस्त्री स्वतः करणार ना?” एका बाईने तर मी माप घेत असताना मला फोन दिला आणि म्हणाली, जरा वडिलांना लावून दे. माझा हात, माझं नाव, इतकी वर्षं, सगळं एका रंध्याखाली गेलं होतं.

बाबांना मात्र वेगळीच चिंता. बाजारात हल्ली सरळ वस्तू मिळत नाहीत. त्यांनी जुनी पट्टी टाकून नवी आणली, ती वाकडी निघाली. दुकानदाराशी भांडून बदलून आणली, तीही वाकडी. “सगळा माल बोगस,” म्हणाले. दुकानदाराने त्यांना पट्टी टेबलावर ठेवून दाखवली, तर म्हणाले, “टेबल बघ आधी तुझं.” मी यावर हसले नाही. आता हसते.

उलगडा आईने केला, तोही टीव्हीपुढे. बाबा जेवण झालं की डाव्या कुशीवर आडवे होऊन बातम्या बघतात, डावा डोळा उशीत रुतलेला. एक दिवस म्हणाले, “या बाईला नाक नाही.”

“कोणाला?”

“बातम्या देतेय तिला.”

आई उठली, टीव्हीजवळ जाऊन बघून आली. “चांगलं धारदार नाक आहे तिला. उठून बसा बघू.” बाबा उठून बसले, आणि बाईला नाक आलं. परत आडवे झाले, नाक गेलं. आईने त्यांना चार वेळा उठवलं आणि झोपवलं. मग म्हणाली, “उद्या डोळे दाखवायचे. एक शब्द बोलायचा नाही.”

डोळ्यांच्या दवाखान्यात आधी थेंब घालून बसवून ठेवतात. मग अक्षरांचा तक्ता. डाव्या डोळ्याने बाबांनी तळापर्यंत खडाखडा वाचलं. उजव्याने वरच्या मोठ्या अक्षरांशीच गाडी अडली. “मधलं अक्षर कोणीतरी खाल्लंय,” ते म्हणाले. तिथून आम्हाला आतल्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र काढायचं मशीन होतं, आणि मशीनवर एक तरुण, तोंडात कायम तेच वाक्य.

“हनुवटी इथे, कपाळ इथे टेका. हलायचं नाही. हिरव्या फुलीकडे बघा.”

“फुली मधे तुटलीय.”

“तुटली तर तुटली काका, तिच्याकडेच बघा.”

हनुवटी टेकवायची, एका डोळ्याने बघायचं. बाबांना ते इतकं सवयीचं, की ते अजिबात हलले नाहीत. डोळ्याला काहीही न लागता, फक्त उजेड आत जाऊन परत येतो, आणि स्क्रीनवर आतल्या पडद्याचा उभा छेद उमटतो. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावून तो दाखवला.

बाबा पुढे झुकले. “हे तर प्लायवुड आहे.”

डॉक्टरीणबाई हसल्या. खरंच तसंच दिसत होतं ते, एकावर एक थर, काही गडद, काही फिके. डाव्या डोळ्याच्या चित्रात मधे थर हलकेच खाली उतरून परत वर येत होते. तसा खोलगटपणा सगळ्यांनाच असतो, त्या म्हणाल्या. उजव्याच्या चित्रात त्या जागी थर तुटलेले होते. दोन्हीकडच्या कडा वर उचललेल्या, आणि मधे सरळ सरळ भोक.

“वय वाढलं की डोळ्यातली जेली आक्रसते,” त्यांनी समजावलं. “पडद्याला चिकटलेली असेल तर त्याला ओढते. तुमच्या पडद्याच्या बरोबर मधे ओढ बसली आणि तो फाटला. बारीक बघायचं काम तोच भाग करतो. म्हणून अक्षर गायब होतं, आणि सरळ रेघ तिथे चिमटल्यासारखी दिसते.”

त्यांनी बाबांना चौकटींची जाळी असलेला कागद दिला. उजवा झाकून बघायला सांगितलं: जाळी सरळ. डावा झाकून: मधे सगळ्या रेघा आत ओढलेल्या.

“म्हणजे रेघ सरळ आहे आणि मला वाकडी दिसतेय,” बाबा म्हणाले.

“बरोबर.”

“हं.” त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मान डोलवली. “मशीन भारी आहे तुमचं. बरोबर पकडलं.”

मी त्यांच्या मागे स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता वळतील. आता म्हणतील. ते वळले, मला म्हणाले, “चष्मा कुठे ठेवला माझा?”

सांगते मला काय झालं. बाबांच्या डोळ्याला भोक पडलं याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. मी रांगेसमोर सांगितलं, दार सरळ आहे. पट्टी लावून दाखवलं. ज्या हाताला त्यांनीच रंधा धरायला शिकवला, त्या हाताने दाखवलं. ते त्यांना पटलं नाही. एका खोक्याने चित्र दाखवलं, ते लगेच पटलं. वर त्या खोक्याचं कौतुक.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, “बेकरीत जाऊन त्यांनी सांगायला हवं. दार सरळ होतं म्हणून.”

“अगं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि तुला दाराचं पडलंय?”

“हो.”

“डोळ्यामुळे झालं ना ते? त्यांचा काय दोष?”

दोष नाही, मान्य. पण दोष नाही म्हणून झालेलं नाहीसं होतं का? माझ्या नावावरचा डाग तर मशीनने पुसला नाही. आई म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, फिरू दे.

ऑपरेशन झालं. आतली जेली काढली, पडद्यावरचा बारीक पापुद्रा सोलला, आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा भोकावर दाबून राहावा म्हणून बाबांनी काही दिवस खाली तोंड करून राहायचं होतं. जेवताना, बसताना, झोपताना, जमिनीकडे तोंड. त्यासाठी मी एक टेकू केला, मधे चेहऱ्यापुरतं भोक, भोवती गादी, उंची खुर्चीच्या बेताची. बाबांनी त्यात तोंड घालता घालताच सुनावलं, “कडा गोल नाही केल्यास नीट.” मी पॉलिश पेपर घेऊन पुन्हा बसले. कडा नव्हत्याच नीट, ते खरं बोलत होते.

त्या दिवसांत आमच्या घरी जो यायचा तो बाबांच्या टाळूशी बोलायचा. आत्या आली, म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिला सगळ्यांना निवृत्त करायची हौस. “आता पुरे झालं,” ती टाळूला म्हणाली. “बस आता घरी आरामात.”

“बसून काय करू?” टेकूच्या भोकातून आवाज आला. “अंडी उबवू?”

“एका डोळ्याने करवत चालवणार आहेस?”

“तू दोन्ही डोळ्यांनी स्वयंपाक करतेस, काय फरक पडला?”

आत्या चहा न घेता गेली. मला बाबांचा अभिमान वाटला आणि रागही आला. स्वतःच्या कामाबद्दल कोणी एक शब्द काढला तर हा माणूस पालथा पडूनही फणा काढतो. माझ्या कामाबद्दल बोलताना मात्र “सांभाळून घ्या.”

समोरच्याचे डोळे दिसत नसले की बोलणं सोपं जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाहेर गेली होती. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून सगळं बोलले. दार, पट्टी, रांग, बेकरीवाली, फोनवाली बाई. शेवटी म्हटलं, “तुम्ही तिथे जाऊन सांगायचं. सगळ्यांसमोर म्हणालात, सगळ्यांसमोर परत घ्यायचं.”

टेकूतून आवाज आला, “मी खोटं बोललो का?”

“चुकीचं बोललात.”

“मला जे दिसलं ते मी बोललो. आयुष्यभर तेच केलं. वाकडं दिसलं तर कोणाचीही भीड न ठेवता वाकडं म्हटलं. म्हणून लोक येतात आपल्याकडे. उद्या मला वाकडं दिसलं आणि तुझं मन राखायला मी सरळ म्हटलं, तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली?”

“आणि माझ्या शब्दाला?”

ते खाली जमिनीकडे बघत राहिले. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच त्यांना. मी बाहेर जाऊन विनाकारण एक ओंडका चिरला.

तोंड वर करायची परवानगी मिळाल्यावर ते जरा माणसात आले. बुडबुडा हळूहळू लहान होत होता, आणि त्याची कड त्यांना डोळ्यात आडवी रेघ होऊन दिसायची. वरून थोडं जग स्वच्छ, रेघेखाली सगळं धुकं. डोकं कलतं केलं तरी रेघ मात्र आडवीच. “डोळ्यात पाणसळ बसवलीय मला,” ते येईल त्याला सांगत, आणि लगेच लोकांच्या घरातल्या फोटोंच्या चौकटी कलत्या ठरवत. शेजाऱ्याने ऐकून एक चौकट हलवली सुद्धा. माझ्यासमोर मात्र दाराचा विषय आला की ते पाणी प्यायला उठत.

रेघ रोज खाली सरकली, मग नुसता थेंब राहिला, मग तोही गेला. पुन्हा हनुवटी, पुन्हा फुली.

“फुली जोडली गेलीय,” बाबा म्हणाले. “पण वेडीवाकडी.”

स्क्रीनवर डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. आधीच्यात भोक. आताच्यात थर एकमेकांना मिळालेले, मधे छान खोलगट. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो तसा होणं बरोबरच होतं, काम चोख झालं होतं. “भोक पूर्ण बुजलंय,” त्या म्हणाल्या. तक्त्यावर उजव्या डोळ्याने बाबा आधीपेक्षा बऱ्याच ओळी खाली उतरले. आई तर तिथेच डोळे पुसायला लागली.

मग जाळीचा कागद. बाबांनी डावा झाकला. आम्ही सगळे थांबलो.

“अजून आत ओढलेली आहे. आधीपेक्षा कमी. पण आहे.”

“चित्र सुधारलं की नजर त्याच दिवशी सुधारते असं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कडा मिळाल्यात, पण आतले बारीक कण आपापल्या जागी यायला महिने लागतात. हळूहळू अजून बरं होईल. थोडा वाकडेपणा कदाचित राहीलही. मी खोटी आशा दाखवणार नाही.”

“म्हणजे तुमचं चित्र सरळ आणि मी वाकडा.”

“तुम्हाला जे दिसतं तेही खरंच आहे, काका. चित्र फक्त भोकाचं सांगतं, दिसण्याचं नाही.”

मला ती बाई आवडली. बाबांनाही आवडली असावी, कारण त्यांनी तिच्या केबिनच्या दाराला नावं ठेवली नाहीत.

घरी त्यांनी एक नवीन उद्योग काढला. उजवा डोळा मिटून डाव्याने नजर लावायला शिकायचं. इतकं आयुष्य डावाच मिटत आलेले, आता उजवा मिटायला जात तर दोन्ही मिटत, नाहीतर गाल वर चढे आणि तोंड वाकडं होई. आरशासमोर त्यांचा तो चेहरा बघून मी आणि आई पोट धरून हसलो. “हाताने झाका की,” मी म्हटलं. ते झाकत, डाव्याने बघत, पण त्यांचं समाधान होत नसे. “हा डोळा मिटायचा आहे,” डाव्याबद्दल म्हणत, “याला बघायची अक्कल नाही.”

इकडे मी बेकरीचं नवीन दार बनवायला घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. मीच बेकरीवालीकडे जाऊन म्हटलं, तुझं दार मी बदलून देणार आहे. ती म्हणाली, “चालेल, पण मिस्त्रींनी बघितल्याशिवाय लावायचं नाही हं.”

मला हसावं की ओरडावं कळेना. ज्या डोळ्याने दाराचं वाटोळं केलं, त्याच डोळ्याचा शिक्का तिला हवा. तिला ऑपरेशनचं माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, माझ्या दोन धडधाकट डोळ्यांपेक्षा तरीही तो एक वाकडा डोळा जास्त विश्वासाचा. मी म्हटलं, “कोणीही बघणार नाही. मी लावणार, तू उघडून बघ, मिटून बघ. नाही आवडलं तर जाळ भट्टीत.” ती फक्त हसली.

मी दार घेऊन गेले ते मुद्दाम सकाळी, रांगेच्या वेळी. माझं नाव जिथे पडलं तिथेच उभं करायचं, असं ठरवलं होतं. पट्टी नेली नाही, तीही मुद्दाम. जुनं दार काढलं, भिंतीला टेकवलं. नवं दोन स्टुलांवर आडवं ठेवून बिजागऱ्या लावायला घेतल्या, तर बेकरीवाली दारातच हात कमरेवर ठेवून उभी. “मिस्त्री कुठेयत?”

“मिस्त्री मीच आहे. आणि दार सरळ आहे.”

“तसं नाही गं. मोठे मिस्त्री.”

रांगेत कोणीतरी हसलं. आणि तेवढ्यात रांग बाजूला सरली आणि बाबा आले. आईने सांगितलं असणार. खांद्यावर टॉवेल, पायात घरातल्याच चपला. माझ्याशी एक शब्द न बोलता ते वाकले, कडेला हनुवटी टेकवली आणि डावा डोळा मिटला.

मला माहीत होतं त्यांना काय दिसणार. जाळीच्या कागदावर जे दिसलं तेच. आणि मला हेही माहीत होतं, की हा माणूस जे दिसत नाही ते बोलत नाही. मी मधे पडून त्यांना थांबवायला हवं होतं. पण थांबवलं असतं तर रांग काय म्हणाली असती, की घाबरली. मी घाबरले होते, पण ते त्यांना दाखवणार नव्हते.

“वाकडं दिसतंय,” बाबा म्हणाले.

“बघा!” बेकरीवालीने हात उडवले. “मी म्हणत नव्हते?”

“कडीच्या खाली. आत दबलंय.” ते अजून तसेच वाकलेले. “मागच्या वेळी होतं तिथेच.”

“अरे देवा, म्हणजे परत तेच!”

“बाई, मला वाकडं दिसतंय असं म्हणालो. दार वाकडं आहे असं म्हणालो का?” त्यांनी हनुवटी उचलली. “या डोळ्याला भोक पडलं होतं. ते बुजलं, मी चित्रात बघून आलोय. पण सरळ रेघ याला अजून सरळ दिसत नाही, कदाचित कधीच दिसणार नाही. दार सरळ आहे. आणि मागचंही सरळ होतं.” ते भिंतीला टेकवलेल्या दारापाशी गेले आणि त्याच्या फुगलेल्या कडेवर हात ठेवला. “हे पोट मी काढलं. हिने नाही. तुम्ही सगळ्यांना ते सांगितलंत, आता हे सांगा. तितक्याच जोरात.”

मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देणार नव्हते, म्हणून खिशातले स्क्रू हाताने चाचपत बसले. बेकरीवाली लाल झाली होती, पण ती तरी गप्प बसणारी थोडीच.

“बरं बाबा, चुकलं माझं. पण मिस्त्री, तुमचा दुसरा डोळा चांगला आहे ना? मग हा हाताने झाका आणि एकदा त्याने बघून घ्या की. खात्री होईल.”

सगळे बाबांकडे बघायला लागले. मीसुद्धा. बोलणं बरोबर होतं तिचं, आणि एका क्षणाचं काम होतं.

बाबांनी टॉवेलने हनुवटीवरचा भुसा झटकला.

“कशाला?” ते म्हणाले. “ती म्हणतेय ना.”

आणि दाराचं दुसरं टोक उचलून माझ्यासाठी थांबले.